पोहणाऱ्या मोटारीची ओटी

"भाभी, गाडी पानी में रहे तब दरवाजे के ये दुसरे हँडल को हात नक्को लगाओ!" असं मकदूम मिस्त्रींनी मला तीनदा बजावलं होतं. मी तिन्ही वेळा मान हलवली आणि विसरले. मी बी.एस्सी. आहे, तीही पहिल्या वर्गात. पाना-पक्कडवाल्या माणसाने मला शास्त्र शिकवायचं?

तर ही गाडी. बहात्तर साली सगळं सोलापूर कळशा घेऊन टँकरमागे धावत होतं, तेव्हा आमच्या यांनी पाण्यात चालणारी मोटार आणली! मोडीत निघालेली, जर्मन, दोन दारांची, टप मागे दुमडणारी. रस्त्यावर चाकांवर पळणार आणि पाण्यात मागच्या दोन पंख्यांवर पोहणार म्हणे! पाच वर्षं ती आवारात विटांवर उभी होती. हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी आले की गाडीखाली जात. लग्नात मी यांचा चेहरा पाहिला. त्यानंतर बहुतेक पायच पाहिले.

यंदा एकदाची ती हिरवीगार होऊन उभी राहिली आणि घरमालक वीरभद्रप्पांचा धीर सुटला.

"रविवार संध्याकाळपर्यंत आवार मोकळं पाहिजे बघा मास्तर. नाहीतर माझ्या खोल्या मोकळ्या करा!"

स्वतंत्र नळ असलेल्या खोल्या! सोलापुरात नवरा एक वेळ दुसरा मिळेल, स्वतंत्र नळ मिळणार नाही. सव्वा वर्षाच्या चिमीला घेऊन मी कुठं जायचं? मी यांना बसवून वर्तमानपत्रात जाहिरात लिहून घेतली. आलं एकच गिऱ्हाईक, टेंभुर्णीचे हिंदुराव. त्यांची शेती भीमेच्या दोन्ही काठांना होती आणि मिशा तोंडाच्या दोन्ही काठांना.

रविवारी सकाळी कंबर तलावावर चाचणी ठरली. हिंदुरावांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ घातली, बॉनेटवर थाप मारली. शेपूट असती तर तीही पिरगाळली असती!

"बसा की मग," हे म्हणाले.

"मी? छ्या! मला कुटं पवाया येतंय? मंडळी बसंल. ती नदीकाठची हाय."

धन्य तो शूरवीर! त्यांच्या मंडळी सोजरबाई पुढे बसल्यासुद्धा. मांडीवर ही भली मोठी पिशवी.

"मास्तरीणबाई काठावर का म्हून?" हिंदुरावांनी डोळे बारीक केले. "घरचीच माणसं बसंनात, त्ये जनावर आमी घ्यावं व्हय?"

झालं! नळ डोळ्यांपुढे आला. मी चिमीला फुगवलेल्या ट्यूबमध्ये अडकवलं, ती ट्यूब सोलापुरी चादरीने माझ्या कमरेला बांधली आणि मागे बसले. मकदूम मिस्त्रींनी दारं लावली, दोन्ही दारांची ती दुसरी हँडलं खटाखट ओढली आणि "बिस्मिल्ला!" म्हणून बाजूला झाले.

दाराला दोन-दोन कड्या! काही झालं तर लेकराला बाहेर कसं काढायचं? अडचणीत दार पटकन उघडलं पाहिजे, हे कुणीही शिकलेलं माणूस सांगेल. मी हळूच पुढे वाकले आणि सोजरबाईंच्या दाराचं दुसरं हँडल सैल करून ठेवलं.

गाडी पाण्यात शिरली आणि खरंच तरंगली! म्हशींनी माना वळवल्या. हे तर बोटीचा कप्तान असल्यासारखे छाती काढून बसले. "बघितलंस?" मला म्हणाले. काठावरून हिंदुराव ओरडले, "घेतली मास्तर! घेतली!"

तेवढ्यात सोजरबाईंनी पिशवीतून खण, नारळ आणि हळदकुंकू काढलं.

"हे काय?" मी विचारलं.

"वटी. पयल्यांदा पान्यात आलो, पान्याची वटी भराय नगो?"

"मग टाका ना वरून!"

"वरनं?" बाई माझ्यावरच डाफरल्या. "भिकाऱ्याला टाकल्यावानी फेकू व्हय? बाईमाणूस तुमी, शिकल्यात, आन् एवडं कळंना?"

आणि त्यांनी अदबीने दार उघडलं.

तळं ओटी घ्यायला स्वतःच आत आलं! नारळ माझ्या मांडीवर, खण यांच्या डोक्यावर. "घाबरू नका, ही पाण्यातलीच गाडी आहे!" हे ओरडत होते आणि ओरडता ओरडता स्टिअरिंगसकट खाली चालले होते. मी "माझं लेकरू! माझं लेकरू!" करत डोळे मिटले. कुणीतरी माझी वेणी धरून ओढली.

"हुबं ऱ्हावा की! पानी छातीएवडंच हाय!"

सोजरबाई एका हाताने माझी वेणी आणि दुसऱ्या हाताने चिमीची ट्यूब ओढत काठाकडे चालल्या होत्या. चिमी खदाखदा हसत होती. बापावर गेली आहे.

"मास्तर, जनावर लई देखनं हाय," हिंदुराव चपला घालत म्हणाले, "पर पान्यात बसतंय. नगो." आणि गेले!

मकदूम मिस्त्री छातीभर पाण्यात शिरले. त्यांनी ते सैल हँडल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चिमीचं नाक पुसायला घेतलं.

संध्याकाळी वीरभद्रप्पा आले. मोकळं आवार पाहून त्यांनी चिमीच्या हातावर पेढा ठेवला. खोल्या राहिल्या, नळ राहिला. घरधनी तेवढे तळ्यात राहिले! गाडीची चाकं चिखलात रुतली आहेत, बैलजोडीलाही ती हलेना. आपण उठलो तर लोक सुटे भाग काढून नेतील म्हणून हे रात्रंदिवस तिच्या पाठीवर बसून असतात. आज चौथा दिवस. चिमीला सर्दी झाल्यामुळे मला जाता येत नाही. निदान तसं मी सगळ्यांना सांगते.

हे जर्मन गाडीच्या पुस्तकाशिवाय काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायचं धाडस. तुमच्यापैकी कुणी कंबर तलावाकडे जात असाल, तर म्हशींच्या पलीकडे एक गृहस्थ दिसतील. डोक्यावर टॉवेल घेतलाय का पाहा. डबा खाल्ला का विचारा. आणि शेजारी मकदूम मिस्त्री बसलेले असतील, तर ते दोघं काय बोलताहेत, तेवढं जरा कान देऊन ऐकून या हं!