हत्तीचा परवाना

कोणत्याही संस्कृतीची उंची तिने काय बनवलं यावर नव्हे, तर बनवलेलं खोक्यात नीट भरलं की नाही यावर ठरते. आंबा कोकणात पिकतो, पण दिल्लीत त्याला मान मिळतो तो पेटीमुळे. मी पेटी भरणाऱ्यांपैकी आहे. नाव कादंबरी, इयत्ता अकरावी, मुक्काम दिल्लीतली द्वारका, हुद्दा 'पॅकेज मेंटेनर'. (हुद्दा मी शाळेच्या ओळखपत्रावर पेनाने लिहिला होता. वर्गशिक्षिकांनी खोडला. मी पुन्हा लिहिला.)

अनभिज्ञांसाठी खुलासा. ज्यांचा कोड कोणीही पाहू, बदलू आणि फुकट वाटू शकतो असे गेम जगात पुष्कळ आहेत. पण कोड म्हणजे मंडईतली भाजी. आमच्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक बटण दाबताच गेम बसावा, म्हणून कोणीतरी तो निवडून, धुऊन, डब्यात भरून द्यावा लागतो. हा डबा म्हणजे पॅकेज आणि तो भरणारा तो मेंटेनर. स्वयंपाकाशी त्याचा संबंध नसतो. डब्यावर नाव मात्र त्याचंच असतं. मी या क्षेत्राकडे वळले ती याचमुळे.

'रणचौकट' हा डावपेचांचा गेम तेव्हा अनाथ होता. (हा आमच्यातला अधिकृत शब्द आहे. मेंटेनर लग्न करून किंवा नोकरी लागून नाहीसा झाला की पॅकेज अनाथ होतं.) सिस्टिमची नवी आवृत्ती येण्याआधी कोणी त्याला दत्तक घेतलं नाही तर तो यादीतून जाणार होता. जगाचं त्यात काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकासाहेबांचं. काकासाहेब निवृत्त सुभेदार, मुलाकडे राहतात, आणि रोज दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत 'रणचौकट'मधल्या एका किल्ल्याला वेढा घालून बसतात. वेढ्याचा हा दुसरा हिवाळा.

"पोरी, नवी सिस्टिम येतीय म्हणं. माझा किल्ला ऱ्हाईल ना?"

"बिल्कुल राहील, आजोबा. मेंटेनर मी आहे." (हे वाक्य मी आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.)

काम कठीण होतं, पण माझे बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, त्यामुळे घरात अनुभव होता. त्यांनी मला एकच तत्त्व दिलं. "आक्षेप आला की वाद घालायचा नाही, कादंबरी. ज्या गोष्टीवर आक्षेप आहे ती गोष्टच फाइलीतून काढायची. आक्षेप आपोआप निकाली निघतो."

पहिला आक्षेप अनुराग भैयांकडून आला. ते गुरुग्राममधल्या एका टॉवरमध्ये नोकरी करतात आणि फावल्या वेळात, म्हणजे ऑफिसच्या वेळात, आमच्या पॅकेजांची छाननी करतात. त्यांनी विचारलं, हत्तीचं चित्र कोणाचं? वापरायचा परवाना कुठे आहे? मी चित्रकाराला ईमेल केला. तो पत्ता बंद झाला होता. मी हत्ती काढून टाकला.

मग घोड्यांचा परवाना विचारला गेला. मी घोडे काढले. मग तोफा, तिरंदाज, नगारा. पुढे असं निष्पन्न झालं, की गेममधलं आपलं सैन्य एका चित्रकाराने काढलंय, रीतसर परवान्यासकट, आणि शत्रूचं अख्खं सैन्य त्या बेपत्ता माणसाने. उरला फक्त शत्रूचा राजा. बाबा म्हणाले, एकट्या राजासाठी फाइल अडवून काय उपयोग. मी राजाही काढून टाकला.

पॅकेज मंजूर झालं. "इतकं स्वच्छ पॅकेज क्वचित बघायला मिळतं," असा शेरा मिळाला, आणि महाराष्ट्र मंडळाने मला शाल आणि श्रीफळ दिलं. (गेम उघडून पाहिला का, हा प्रश्न छाननीत नसतो. मग तो मी तरी स्वतःला कशाला विचारू?)

नवी आवृत्ती आली. 'रणचौकट' उघडताच पडद्यावर अक्षरं येत: 'विजय! आपले अभिनंदन.' शत्रूच नसल्यामुळे संगणकाचा तसा प्रामाणिक समज होत असे. पहिल्या महिन्याची आकडेवारी बोलकी आहे: समाधानी खेळाडू शंभर टक्के, पराभव शून्य, सरासरी पाच तारे. पण आवृत्ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकासाहेब लिफ्ट सोडून जिन्याने वर आले.

"पोरी, जिंकलो."

"अभिनंदन, आजोबा."

"चहा निवायच्या आत जिंकलो. बुरुजावर एक माणूस न्हाई. दुश्मन कुठं गेला?"

"त्याच्याकडे परवाना नव्हता."

"फौजेत असतीस तर तुला मेडल दिलं असतं," काकासाहेब म्हणाले. "आन् मग बदली केली असती."

नंतर आठवडाभराने त्यांच्या सूनबाई, वासंतीकाकू, मला पार्किंगमध्ये भेटल्या. "कादंबरी, त्यांचा शत्रू परत दे बाई. सध्या ती जागा मला मिळालीय. काल फोडणी उशिरा पडली म्हणून खुलासा मागितला."

मंजूर फाइल उघडायची नसते, असं बाबांनी दोनदा बजावलं. मी उघडली. बेपत्ता चित्रकाराच्या जागी नवा चित्रकार हवा होता, म्हणून मी माऊस काकासाहेबांच्या हातात दिला. त्यांचा हत्ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा दिसतो, सोंड म्हणजे तिचा पाइप. शत्रूचा राजा त्यांच्या एका जुन्या कॅप्टनसाहेबांसारखा आहे, कोणत्या ते त्यांनी सांगितलं नाही. परवान्यात त्यांनी लिहिलं, 'कोणीही वापरावे, पण बिघडवू नये.' अनुराग भैयांनी लगेच आक्षेप घेतला: मुक्त परवान्यात बिघडवण्याचंही स्वातंत्र्य द्यावं लागतं. काकासाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी परवानगी दिली.

त्या दिवशी मी 'रणचौकट' पहिल्यांदा खेळून पाहिला. हत्तीने, म्हणजे टाकीने, मला चहाआधीच चिरडलं. काकासाहेबांचे तर दोन मोर्चे एका दुपारीच पडले. ते इतके खुश झाले की वासंतीकाकूंच्या फोडणीबद्दल चौकशी पूर्ण थांबली.

तक्रारी त्यानंतर आल्या. 'पूर्वी छान चालायचा, आता मध्येच शत्रू येतो.' 'मुलगा रोज जिंकत होता, आता अभ्यासातही लक्ष नाही.' 'हत्ती फार अवघड आहे, कृपया काढावा.' पाच तार्‍यांचा दीड तारा झाला. बाबांनी शाल धुवायला टाकली.

तेव्हा लोकाग्रहास्तव मी दुसरं पॅकेज काढलं, 'रणचौकट-विजयी'. त्यात शत्रू नाही. ते नऊपट जास्त खपतं. नाव दोन्हींवर माझंच आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

हा मजकूर मी शाळेच्या सभेत वाचून दाखवला. सगळा हॉल काकासाहेबांच्या बाजूचा होता, टाळ्याही पडल्या. नंतर पाण्याच्या कूलरपाशी एकेक जण हळूच येऊन विचारून गेला, यार, ते जिंकवणारं कुठे मिळतं.

तुम्हीही काकासाहेबांच्याच बाजूचे आहात, हे मला माहीत आहे. तरी लाजू नका. बटण एकच आहे, अभिनंदनाच्या अक्षरांखाली, आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'ठीक आहे'.