पथ्याची वही

लातूर जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरीत दुष्काळाच्या टेबलावर बसलेल्या वीरभद्ररावांच्या पोटात जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, अल्सरची शंका घेतली आणि सांगितलं, महिनाभर पथ्य करा. नाही उतरलं तर सोलापूरला ऑपरेशन.

त्यांची बायको महानंदा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने दोनशे पानी वही सुरू केली. एकेक पदार्थ ताटातून काढायचा आणि रोजच्या जळजळीला शून्य ते पाच गुण द्यायचे. आधी ठेचा गेला, मग येसराची आमटी, मग शेंगदाण्याची चटणी. आकडा चारच्या खाली येईना. शेवटी ताटात मऊ भात आणि दुधीच्या बेचव फोडी उरल्या. महानंदाचे वडील असल्याच ऑपरेशनला गेले ते परत आले नव्हते. हे ती बोलून दाखवत नव्हती. वहीत रेघा आखत होती.

महिना सरला, डॉक्टरांनी सोलापूरची चिठ्ठी दिली. ऑपरेशनला आठ दिवस राहिले असताना भोकरला तिची आई आजारी पडली. चार दिवसांचा दुधी टोपलीत ठेवून ती गेली. परत आल्या आल्या तिने आकडे विचारले.

"शून्य, शून्य, शून्य, शून्य," वीरभद्रराव म्हणाले.

महानंदाने डोळे मिटून घेतले. मग उघडले, तर टोपलीतला दुधी सुकून पडला होता आणि खलबत्त्याला लसणाचा वास येत होता.

"काय खाल्लंत?"

"ठेचा. अन् शेजारच्या सरजाबाईचे धपाटे. सोलापूरला जायचंच हाय तर म्हटलं, खाऊन जावं."

ती पाटावर बसली. महिन्याची वही एका ठेच्याने उलटी केली होती. म्हणजे या चार दिवसांत बंद झालं होतं ते दुसरंच काही. तिने झोपेची, पाण्याची, विडीची चौकशी केली. सगळं होतं तसंच होतं. कचेरीतही तसंच. टँकर येईना म्हणून समोरचं हॉटेल सोमवारपासून बंद होतं, तेवढंच.

"चहा किती घेता तुम्ही?"

"दोनच की. तूच तर करतीस."

"आणि कचेरीत?"

"तो काय चहा हाय का?" वीरभद्ररावांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "गावोगावचे सरपंच टँकर मागायला येतात, समोरच्या हॉटेलातला कप पुढं करतात. माणूस तीस मैलांवरून आलेला असतोय. कप परत केला तर त्याला वाटतं, टँकरच नाकारला."

"दिवसाला किती सरपंच?"

त्यांनी बोटं मोजली. दोन्ही हातांची संपल्यावर ते पायाच्या बोटांकडे बघू लागले.

डॉक्टरांनी हे ऐकून सोलापूरची चिठ्ठी फाडली. महिनाभर चहाला शिवायचं नाही, ठेचा जपून, आणि दुखलं तर लगेच यायचं, असं बजावलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना महानंदाने भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. असं तिने कधी केलं नव्हतं.

ज्यांनी ज्यांनी काळजीने विचारलं होतं त्यांना बातमी सांगणं भाग होतं. दोघं सात घरी गेले. ऑपरेशन टळल्याचं ऐकून प्रत्येक घरी आधण ठेवलं गेलं. वीरभद्ररावांपुढे आलेला कप परत कसा करायचा? एवढ्या आनंदाने केलेला. महानंदा आपला प्यायची, मग हळूच त्यांचाही.

दिवेलागणीला वीरभद्रराव दह्यात कालवलेली भाकरी खात होते. समोर महानंदा छातीवर हात दाबून भिंतीला टेकली होती. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि वहीचं कोरं पान काढलं.

"जळजळ?"

"चार."

"चहा किती घेता आपण?"

महानंदाने क्षणभर विचार केला. सकाळचा एक, शाळेतून आल्यावरचा एक.

"दोनच," ती म्हणाली.