दामू टेलरचं पहिलं इंच

आमच्या कशेळ्यात निवडणूक लागली की दामू टेलर माणसांची मापं घेणं थांबवतो आणि पेपरची घ्यायला लागतो. सकाळी गळ्यातली टेप काढायची, पेपर टेबलावर अंथरायचा आणि एकेका उमेदवाराचा फोटो, मथळा, बातमी, सगळं मोजून निळ्या पेनानं आकडा समासात टाकायचा. ब्लाउज मागायला गेलेल्या बाईला हेच ऐकावं लागतं, "वयनी, आज यांना अकरा इंच, त्यांना सव्वादोन. एकाच मापाची माणसं हायेत का नाय दोगं?"

बातमीकडं तो कापड म्हणूनच बघतो. पानभर मुलाखतीवर बोट ठेवून म्हणतो, "हिला आतून अस्तर हाय. कुणी लावलं ते इचारू नका." टीव्हीला टेप लावता येत नाही, म्हणून तिथं मशीन चालवतो. एक नेता बोलायला लागला की पाय मारायचा, चॅनेलनं त्याला हटवलं की थांबायचं. "यांच्या भाषणात अख्खा परकर झाला. त्यांच्या भाषणात सुईत दोरा पण गेला नाय." दोन्ही पक्षांची माणसं त्याला समोरच्याचा माणूस समजतात. त्याचं उत्तर ठरलेलं, "टेपला मत नसतं रं."

मी हसते, पण हे माझंही जुनं दुखणं आहे. तीसेक वर्षांपूर्वी मी पंचायत समितीला अपक्ष उभी राहिले होते, तीन पुरुषांसमोर. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. कर्जतला जाऊन फोटो काढला, हनुवटी हातावर टेकवून. लोकांची काळजी चेहऱ्यावर अशीच दिसते, अशी माझी समजूत होती. तो छापून येणार म्हणून पंधरा पेपर घेतले आणि उघडूनही न बघता वाटत सुटले. आत तिघांचे फोटो, तिघांची भाषणं, आणि अगदी शेवटी, 'एक महिलाही रिंगणात आहे.' नाव नाही. वाटलेले पेपर मी दारोदार परत मागत फिरले. त्या फिरण्यात जेवढी घरं झाली, तेवढी प्रचारात झाली नव्हती. निवडणुकीत पडले, ते वेगळंच.

यंदा मतदानाच्या आदल्या आठवड्यात एक वार्ताहर दामूवरच बातमी करायला आला. दामूनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. इतकी वर्षं सगळे त्याच्या मोजण्याला हसले. आज पहिल्यांदा कुणीतरी ते लिहून घेणार होतं. मी बाकावर बसून बघत होते. टेपच्या पहिल्या इंचावर एक पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, आणि हा मोजायला सुरुवात करत होता तिच्या पुढून. आकडा मात्र टेपवरचाच सांगत होता.

जीभ आवरणं मला या वयातही जमलेलं नाही. म्हटलं, "भाऊजी, तुमचं प्रत्येक माप इंचभर जास्त येतंय की."

वार्ताहरानं टेप हातात घेऊन बघितली आणि हसला. "काका, म्हणजे पक्षपात तुमच्याच टेपमध्ये आहे." वही मिटून तो खालापूरच्या सभेला निघून गेला. दामूनं टेप गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर पेपर नव्हता. मग मीच माझा घेऊन गेले.

"ती पट्टी काढून टाका, माप बरोबर येईल," म्हणत मी टेपला नख लावलं.

"नका काढू, वयनी."

मी चष्मा पुसून बघितलं. पट्टीखाली पेपरचा एक कपटा होता. 'एक महिलाही रिंगणात आहे.' आणि त्याच्याखाली निळ्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात, माझं पूर्ण नाव.

"कापडाला मी एक वजा करतो," तो मशीनकडं बघत म्हणाला. "पेपरला नाय करत. ज्याला कुणी कायच दिलं नाय, त्याचं पण मग एक इंच भरतं."

मी पेपर अंथरला. आतल्या पानावर, पार तळाला, एका अपक्ष बाईचं नुसतं नाव होतं.

"आधी हिचं घ्या."

त्यानं टेप लावली. "सव्वा."

"दीड म्हणा."

"टेपला मत नसतं, वयनी," तो म्हणाला, आणि समासात दीड लिहिलं.