रस्त्याला माणूस हवा

परबकाकांनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी आखातातल्याच रास अल खोरच्या गोदामातून बदली होऊन फुजैराला आलो, त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. जहाजांना तेल पुरवणारी आमची कंपनी आणि परबकाका तिथले स्टोअरकीपर. सेफ्टी शूज घ्यायला गेलो, तर काउंटरपलीकडून एक किडकिडीत, पिकल्या मिशांचा माणूस वाकून माझ्या पायांकडे बघत होता.

“गुडघे बरे आसत मां?”

मी म्हटलं, बरे आहेत.

“दोनय?”

दोन्ही. मग कुठे त्यांनी समाधानानं मान हलवली, जाधव हे माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि शूज पुढे केले.

मला वाटलं, काकांच्या वेंगुर्ल्याकडे पाहुण्याची अशीच विचारपूस करत असतील. पण अकाउंट्सच्या थॉमसनं मला दुपारी बाजूला घेऊन सावध केलं. “भाई, उससे दूर रहना. वो आदमी ढूंढ रहा है.” परबकाका मार्चअखेरीला नोकरी संपवून कायमचे गावी जाणार होते आणि जाण्याआधी त्यांना आपल्या शुक्रवारच्या रस्त्यावर कोणीतरी नेमून जायचं होतं. घराला भाडेकरू हवा म्हणावं, तसं ते म्हणायचे, “रस्त्याला माणूस हवा.”

हा रस्ता म्हणजे फुजैरामागच्या डोंगरात शिरणारी एक कच्ची वाट. डांबर संपलं की कोरड्या नदीच्या पात्रातून, म्हणजे तिथल्या भाषेत वाडीतून, गोट्यांवरून खडखडत जायचं आणि मग उघड्याबोडक्या डोंगरावर वळणं घेत चढायचं. झाड नाही, सावली नाही. परबकाका दर शुक्रवारी या वाटेनं लाल सायकल हाणत जायचे. सायकल गिअरची होती, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. डोक्यावर मात्र कंपनीचं पिवळं हेल्मेट, आणि पाठीवर ओल्या मोज्यांत घातलेल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. वय अठ्ठावन्न.

माणूस सायकलवर का, याचं उत्तर सगळ्या ऑफिसला पाठ होतं. लायसन्सच्या परीक्षेत काका सात वेळा नापास झाले होते. राऊंडअबाऊट आला की थांबायचे आणि सगळ्यांना आधी जाऊ द्यायचे. “त्यांका घाई आसतली,” हे त्यांचं कारण. एकदा म्हणे परीक्षक गाडीतून उतरून नमाज पढून आला, तरी काका तिथेच उभे.

माझ्याआधी तिघांची या रस्त्यावर परीक्षा झाली होती. थॉमस पहिल्या चढावरच दगडावर बसला आणि “खलास, हबीबी” म्हणून जो उठला तो चालतच खाली गेला. मेसमधल्या पठाणानं सायकल खांद्यावर घेऊन अख्खा डोंगर चढून दाखवला, पण सायकलवर बसायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही, म्हणून काकांनी त्यालाही नापास केलं. तिसरा आमच्या मॅनेजरचा मुलगा. इथेच वाढलेला, कॉलेजातला धडधाकट पोरगा, पण त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, “अंकल, नो वे.”

मार्च निम्मा सरला आणि परबकाका बोलेनासे झाले. काउंटरवर नट मागितला तर बोल्ट द्यायला लागले. खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया आली, शिवाय गुडघ्यांबद्दल मी त्यांना शब्द दिल्यासारखाच होता. म्हटलं, येतो.

शुक्रवारी पहाटे दोन सायकली माझ्या गाडीच्या टपावर बांधून आम्ही डांबर संपतं तिथपर्यंत गेलो. मला त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेली सायकल दिली होती. पुढच्या दोन तासांबद्दल मी फार सांगणार नाही. वाडीतल्या गोट्यांनी माझे दात वाजत होते. चढाला लागलो तेव्हा मागचं चाक खडीवर जागच्या जागी फिरायला लागलं आणि मी दोनदा पडलो. परबकाका पुढून न वळता ओरडायचे, “ब्रेक मारू नको! बारीक गिअर घाल! रस्तो चांगलो आसा, फक्त वर जाता!” तिसऱ्यांदा पडलो तेव्हा कोपर सोलवटलं आणि मी दोन शिव्या घातल्या, एक रस्त्याला आणि एक काकांना. त्यांनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतल्या आणि मीठ घातलेलं कोकम सरबत माझ्यापुढे धरलं.

तिथे एका खडकाच्या आडोशाला मी त्यांना सरळ विचारलं, की हे सगळं कशासाठी?

त्यांनी बाटली परत घेतली आणि झाकण वर ठेवलं. मग म्हणाले, “वर म्हातारो आसा.”

वर एक जुनी दगडी वस्ती होती. सगळे खाली सरकारी घरांत राहायला गेले, पण सईद नावाचा एक म्हातारा शेळ्या सोडून यायला तयार नव्हता. मुलगे गुरुवारी डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं पिकअप घेऊन यायचे, सामान द्यायचे आणि जायचे. सात वर्षांपूर्वी परबकाका त्या चढावर घसरून पडले होते, तेव्हा या सईदनं त्यांना घरात नेऊन पाय बांधला होता. तेव्हापासून एक सोडला तर एकही शुक्रवार चुकला नाही.

“दोन वर्षं झाली, म्हातारो विसरता. मुलग्यांची नावं विसरता. मला तर तो पार विसरलो. पण शुक्रवार विसरत नाही. शुक्रवारी लाल सायकल येते, एवढं त्याच्या डोक्यात आहे. ती येईपर्यंत जेवत नाही.”

“आणि नाही आली तर?”

“मागच्या उन्हाळ्यात मला ताप होता. तर शोधायला उतरला ना उन्हातून. मुलग्यांना संध्याकाळी वाडीत सापडला, शुद्ध नव्हती.” त्यांनी झाकण घट्ट लावलं. “मी गेल्यावर दर शुक्रवारी उतरतलो तो.”

मी म्हटलं, मग मी पलीकडून गाडीनं येत जाईन.

“मुलग्यांची सोडून दुसरी गाडी आली की त्याला वाटतं खाली न्यायला आले. आत जाऊन कडी घालतो.”

ते उठले. आपलं पिवळं हेल्मेट काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा आवळला आणि लाल सायकल माझ्या हातात दिली. “जाधवानू, आता तुम्ही पुढे. मी मागून येतो. बघूया काय होतं ते.”

शेवटचं वळण मी त्यांच्या सायकलवरून, जीव मुठीत धरून घेतलं. भिंतीच्या सावलीत एक अगदी वाळलेला म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. सायकल दिसताच तो उठला. लगबगीनं आला, माझे दोन्ही खांदे धरले, त्यांच्या रीतीनं नाकाला नाक लावलं आणि अरबीत भराभरा बोलायला लागला. मला एवढंच कळलं, की तो मला उशिराबद्दल रागावतोय.

तेवढ्यात परबकाका पोचले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि मला खुणेनं विचारलं, हा कोण?

परबकाकाच म्हणाले, “रफीक.” मित्र. आणि माझ्याकडे बोट दाखवलं, याचा.

मग म्हाताऱ्यानं त्यांना हाताला धरून सावलीत चटईवर बसवलं. अनोळखी पाहुण्याचा मान मोठा. खजूर आधी त्यांच्यापुढे, कॉफीचा पहिला कप त्यांना. मला मात्र कॉफीसुद्धा मिळाली नाही. घरच्या माणसाला सांगावं तसं म्हाताऱ्यानं माझ्या हातात बादली दिली आणि विहिरीकडे बोट केलं. शेळ्यांना पाणी पाजायचं होतं.

बादली बघून परबकाका झटकन उठले. सात वर्षांची सवय. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी त्यांचे खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. छे छे, तू बस, तू पाहुणा. परबकाका बसले.

मी पाणी ओढत होतो आणि मला रडू येत होतं. माणूस मिळाला होता, परबकाका सुखानं गावी जाऊ शकत होते, आणि तरी मी त्यांचं काहीतरी चोरलं असंच मला वाटत होतं.

पाण्याचा आवाज ऐकून शेळ्या आल्या. पण माझ्याकडे एकही आली नाही. सगळ्या चटईभोवती जमल्या, एकीनं परबकाकांच्या शर्टाच्या खिशात तोंड घातलं, दुसरी त्यांच्या मांडीला डोकं घासायला लागली. म्हातारा ओशाळला. काठी उगारून त्यांना हाकलू लागला आणि पाहुण्याची माफी मागू लागला; काकांनी मला नंतर सांगितलं, तो म्हणत होता, की परक्या माणसाला या कधी अशा त्रास देत नाहीत, आज काय झालंय कुणास ठाऊक.

“काही हरकत नाही,” परबकाका त्याच्या भाषेत म्हणाले, आणि शेळीच्या मानेवर आपोआप गेलेला हात त्यांनी काढून घेतला.