हौसाच्या निबंधाचा शेवट

आमच्या गावात माणूस मेलं की त्याच्यावर निबंध लिहून कॉलेजात मंजूर करून घ्यावा लागतो. तोवर ते घरातच बसून राहतं. त्याला आडवं होता येत नाही, भूक लागत नाही.

माझी बायको हौसा चुलीशेजारी पाटावर बसून होती. मला लिहिता येत नाही, म्हणून कॉलेजनं निमकर मॅडम दिल्या. बाई मायाळू, पण नियमाला पक्की.

"विषय काय घ्यायचा, आजोबा?"

"हौसा."

"फार मोठा झाला. लहान करा."

मी म्हटलं, हौसाचा संसार. तोही मोठा झाला. लहान करत करत शेवटी ठरलं : वाकळ शिवताना सुईत दोरा ओवतेवेळी हौसाबाईंचे तोंड उघडे राहणे.

"एवढंच व्हय माझं?" हौसा म्हणाली.

"एवढ्यातच खोल जाता येतं," मॅडम म्हणाल्या.

मग संदर्भ आले. शेजारची ताराक्का सांगून गेली, "उघडायची की! एकदा माशी गेलती आत."

"गेली न्हवती. ओठावर बसली हुती," हौसा म्हणाली.

मॅडमनी पेन थांबवलं. "मयताचं म्हणणं संदर्भाला चालत नाही."

माशी आत गेली, असंच लिहिलं गेलं.

कच्च्या मसुद्याला मी सावकाश सगळं सांगितलं. दवाखाना, तिचा खोकला, माझा हात धरून ती काय बोलली ते. मॅडमनी डोळे पुसत लिहून घेतलं आणि दुसऱ्या वाचनाला खोडलं. विषयाला सोडून होतं.

"बरं झालं," हौसा म्हणाली. "ते नगं कुणी वाचायला."

निष्कर्ष तेवढा राहिला. तो मी लांबवत गेलो. आज डोकं धरलंय, उद्या बाजार आहे. मॅडम येऊन परत जायच्या. एकदा हौसाच म्हणाली, "अवो, बसून बसून पाय भरून आलंत माझं. उरका की आता."

मी मॅडमना बोलावून घेतलं. म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय. हिलाबी ठाऊक नाही. ते शेवटाला घालू."

"निष्कर्षात नवीन काही आणता येत नाही, आजोबा. आधी आलेलंच थोडक्यात सांगायचं."

"आधी सुचलं नाही हो."

"कुणालाच सुचत नाही," त्या म्हणाल्या आणि कागद सरळ करत बसल्या.

मग मी आधीचंच सांगितलं, त्यांनी लिहिलं : सुई ओवताना हौसाबाईंचे तोंड उघडे राही, हे यावरून दिसून येते.

निबंध मंजूर होऊन आला. हौसा उठली, लुगडं झटकलं, दारात थांबली.

"काय हुतं वो ते? नवीन?"

"काय नाही. जा तू. ऊन चढायच्या आत जा."

ती गेली. तिची वाकळ अर्धीच राहिली होती. दुपारी ती पुढं शिवावी म्हणून मी सुई ओवायला घेतली, तर माझंही तोंड उघडं राहिलं. मॅडमना कळवावं असं वाटलं. पण निबंध मंजूर झाला होता.