बीपीचं बारदान

"मोंढ्यातला एकबी काटा माझ्या शब्दाबाहेर न्हाई. तुमचं बीपीचं मशीन म्हंजे काय, हवेचा काटाच की," कल्याण बायकोला म्हणाला.

परतूरच्या मोंढ्यात कापूस न् धान्य तोलायचे काटे बराबर करून देणं हा कल्याणचा धंदा. बायको शालू डॉक्टर यशश्रीच्या दवाखान्यात नर्स. जालन्याहून तपासणीचे साहेब त्या दिवशी यायचे होते, न् ऐन वेळी बीपीच्या मशीनची सुई जराशी सरकलेली. असलं मशीन दुसऱ्या खात्रीच्या मशीनला जोडूनच बराबर करावं लागतं. ते करणारा माणूस संभाजीनगरचा, त्याचा फोन बंद. मंग शालूच पुढं झाली, "मॅडम, आमचे हे करतील."

"बघ हं," मॅडम म्हणाल्या. "गडबड झाली तर दोघींनाही घरी बसावं लागेल. तुला आधी."

कल्याणनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, हवा भरली. सुई साठावर गेली. तो थांबला. मोंढ्यात माल पोत्यासकट तोलला की रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन कापायचं, हा शिरस्ता. इथं बारदान कोणतं? पट्टा न् त्यातली हवा! त्यानं मागचा स्क्रू पिळला न् साठावरची सुई शून्यावर आणून ठेवली. हवा सोडली तशी सुई शून्याच्याही खाली जाऊन पडली. दमली असंल, असं म्हणून त्यानं मशीन पुसून ठेवलं.

पहिला पेशंट मच्छिंद्र अडत्या. गोळ्या खाऊनही कायम एकशे साठ. आज भरला शंभर. मॅडम चष्मा पुसून परत बघायला लागल्या.

"मंग आता लोणचं चालंल ना?" मच्छिंद्रनं विचारलं, न् उत्तराची वाट न बघता समोरची खानावळ गाठली.

दुसऱ्या पुष्पाबाई. शेंगा फोडत आलेल्या. शालूनं पट्टा बांधला, सुई बघितली न् मॅडमना हाक मारली.

"मॅडम, वरचं साठ लागून राह्यलं. खालचं तर लागूनच न्हाई राह्यलं."

हे ऐकून पुष्पाबाईंच्या सुनेनं गावाकडं फोन लावला. इकडं मॅडमनी कपाटातून सलाईन काढायला सांगितलं, म्हातारीचे पाय उशीवर चढवले. तेवढ्यात जवळच्याच त्या गावातून पाव्हणे गोळा करून आलेली जीप रडतच दारात उभी राह्यली.

"कोण गेलं गं?" पुष्पाबाईंनी सुनेला विचारलं, न् शेंगा बाजूला ठेवून पदर डोळ्याला लावला.

मॅडमनी म्हातारीची नाडी धरली. ठणठणीत. सलाईनची सुई तशीच परत ठेवली, न् पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून बघितला. हिशेबानं त्याही मेलेल्याच निघाल्या. मंग त्यांचं लक्ष शून्याखाली पडलेल्या सुईकडं गेलं.

"कल्याणराव, ह्याला काय केलंत?"

"बारदान कापलं, मॅडम."

मॅडमनी लगेच घरचं मशीन मागवलं. मच्छिंद्रला लोणच्याच्या बरणीपासून ओढून आणलं. तो एकशे सत्तर भरला.

"शालू, हे एकच मशीन बिघडलंय, ते मी कपाटात टाकते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आज तुझी नोकरी राहील. कल्याणराव, खरं सांगा, आणखी कशाला हात लावलात?"

"बिलकुल न्हाई," कल्याण म्हणाला, न् घामानं डबडबून खुर्चीत बसला. घरच्या मशीनवर त्याचंच बीपी दोनशे निघालं. मॅडमनी त्याला लगेच भरती करून घ्यायला सांगितलं.

तपासणीचे साहेब त्याच वेळी आत आले. पेशंटची भरती कशी करता ते दाखवा, म्हणाले. शालूनं नवऱ्याला दवाखान्याच्या वजनकाट्यावर चढवलं. कल्याण म्हणजे दारातून तिरपा होऊन आत येणारा गडी.

चौतीस किलो भरला.