जुनेदचा लसूणघास

"एका पिशवीतलं बी, अन् मुळं येगयेगळी? कोणी सांगतलं बे तुले? शाळा सोडून मलेच शिकवून राह्यला का?"

"कोणी सांगतलं नाही, अब्बा! मी खणून पाह्यलं!"

जानेफळात कलीमभाईंच्या अंगणात बापलेकाची अशी जुंपली होती. मळ्याच्या कडेला शेळ्यांसाठी लसूणघासाचा एक तुकडा होता. तो मोडून तिथंही बीटी कपाशी लावायची, असं कलीमभाईंच्या मनात. पण गेल्या साली पावसानं ताण दिला तेव्हा कपाशी एका दमात, एका मापात वाळली होती. लसूणघासातली काही झाडं मान टाकून पडली आणि काही मात्र बेशरमासारखी हिरवीगार! जुनेदच्या नजरेतून ते कसं सुटणार? त्यानं खणलं. वाळलेल्यांची मुळं वरच्या वर पसरलेली, हिरव्यांची सरळ पाताळात. आता त्याला त्या खोल मुळांच्या झाडांचंच बी धरायचं होतं.

"उद्या कृषी सहायक येऊन राह्यले, सुधाकर साहेब. त्यायले दाखवतो. मुळं एकसारखी निघाली तं मीच नांगर जुंपतो!"

"जुंपच!"

तणतणतच जुनेदनं दोन्ही तऱ्हेची मुळं अख्खी काढली, धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळून ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली.

सकाळी उठून पाहतो, तर कोनाड्यात नुसतं फडकं.

"दादाजान, इथली मुळं कुठी गेली?"

आजोबा, रहेमतुल्ला, फजरची नमाज पढून आले होते आणि तोंडात काडी धरून दात घासत होते. "मिस्वाक म्हण, बेटा! कोण हाजी आला रे गावात? इतकी ताजी मिस्वाक जन्मात नाही पाह्यली. वीतवीतभर तोडली अन् मशिदीत वाटली. उरली ते हॉटेलावर देली."

दात घासायची मिस्वाक म्हणजेही मुळीच, आणि हाजी मक्केहून आणतात तीही ओल्या फडक्यातच. म्हाताऱ्याची चूक तरी काय काढणार?

"दादाजान, तो शेळ्यायचा घास होता!"

आजोबांचा हात थांबला. त्यांनी थोडा विचार केला. मग पुन्हा घासायला लागले. "शेळ्यायचे दात पाह्य बरं, कसे पांढरे असतात."

जुनेद हॉटेलाकडं धावला. तिथं जो तो तोंडात मुळी धरून बसलेला. त्यांच्यात खुद्द अब्बा! आणि दारात सुधाकर साहेबांची मोटरसायकल उभी राहत होती.

"काढा! तोंडातून काढा! माह्या लसूणघासाची मुळं हायेत!"

"काऊन काढू बे?" शेजारच्या मळ्याचे उकंडराव गुरकावले. "दादाजाननं देली. चांगली गोड लागून राह्यली."

"गोड?" कलीमभाईंनी आपली मुळी पुढं केली. "माही तं तुरट हाय. पण कडक पाह्य. तुमची तं नुसती सुतळी, उकंडराव."

"कडक कायची? लाकूड हाय ते!"

"माहीले तं मिशाच फुटल्या," हॉटेलवाला म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांच्या तोंडांकडं एकदा नीट पाहिलं. "कलीमभाई, हे सारं एकाच बियाण्याचं ना?"

"हाव, माह्याच पिशवीतलं..." म्हणता म्हणता कलीमभाईंचं तोंड उघडंच राहिलं. मुळी खाली पडली.

हॉटेलात हसू फुटलं. साहेब जुनेदकडं वळले. "खोल मुळांचं बी धर तू. मलेबी दे थोडं."

कलीमभाईंनी मुळी उचलली, सदऱ्याला पुसली आणि बाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगं कोणाचं हाय! त्या तुकड्यात कोणी नांगर घालूनच दाखवा, त्यालेच जुंपतो! ये बेटा, बस इथी. साहेबाले सांग, कसं वळखलं तू ते."

अब्बांनी भर हॉटेलात 'बेटा' म्हटलं! जुनेद ताठ बसला, घसा साफ केला आणि सहज त्याची नजर दारातून बाहेर गेली. उकंडराव खांद्यावर कुदळ टाकून लसूणघासाच्या तुकड्याकडं निघाले होते. मागं तोंडात मुळी धरून मशिदीतली अर्धी मंडळी.

"साहेब, बाकीचं मंग सांगतो," जुनेद ताडकन उठला. "मले आता निघा लागते!"